छाया, मुखवटा आणि भूत : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यातील भयकथा विशेषांकानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून आलेली आहेत. त्या अंकातील एका लेखात आजच्या भयकथेचा संबंध कार्ल युंग यांच्या आदिबंधांच्या आणि ‘छाये’च्या कल्पनेशी जोडलेला होता, बहुतेक प्रश्न त्यालाच धरून आहेत. काही पत्रे लांब असल्याने ती आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न : प्रत्येक माणसाच्या मनात एक ‘छाया’ असते, असे युंग म्हणतात. छाया म्हणजे माणसातला वाईटपणाच ना? मग भयकथेतले भूत म्हणजे वाईटपणाचे रूपक, एवढाच याचा अर्थ होतो का? आणि आदिबंध म्हणजे ठरावीक पात्रांची यादी असते काय?
— पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : या दोन्ही समजुती परीक्षेच्या टिपणांमुळे पसरलेल्या आहेत. युंग (१८७५–१९६१) हे स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याशी त्यांचे १९१३च्या सुमारास कायमचे फाटले, आणि त्यानंतर त्यांनी माणसाच्या व्यक्तिगत नेणिवेखाली सर्व मानवजातीला सामाईक असा एक थर असतो, ही कल्पना मांडली. आदिबंध त्या थरातले. परंतु युंग यांच्या मते आदिबंध स्वतः कधीच दिसत नाही. तो म्हणजे विशिष्ट प्रकारच्या प्रतिमा घडवण्याची मनाची ठेवण, आणि प्रत्यक्ष दिसते ती त्या त्या प्रदेशाने व काळाने घडवलेली प्रतिमा. त्यामुळे माता, ज्ञानवृद्ध, खोडकर ठग, बालक अशी यादी पाठ करून कथेतल्या पात्रांना चिठ्ठ्या चिकटवत बसण्याने हाती काही लागत नाही. आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा दिसतो आणि युरोपात तसा दिसत नाही, याचे कारण आपल्याकडच्या मुंजीच्या संस्कारात, अकाली मेलेल्या मुलाच्या दुःखात आणि पिंपळाविषयीच्या श्रद्धेत शोधावे लागते. आदिबंधाची कल्पना फार तर एवढेच सांगते की, अर्ध्यावर तुटलेल्या आयुष्याला कुठेतरी आकार देण्याची गरज सगळीकडच्या माणसांना भासते.

छायेविषयीही तसेच. आपण स्वतःला जसे समजतो आणि लोकांपुढे जसे वावरतो, त्या मुखवट्यात जे बसत नाही ते सगळे छायेत जाते. ज्या घरात लहानपणापासून ‘आपल्याकडे कोणी आवाज चढवत नाही’ असे बजावले जाते, त्या घरातल्या मुलाचा राग छायेत जातो. पण रागाबरोबर अन्यायाला ‘नाही’ म्हणण्याची धमकही तिकडेच जाते. म्हणजे छायेत निव्वळ पाप साठलेले नसते, न वापरलेले बळही पडून असते. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयोन’ या ग्रंथात युंग यांनी छायेला नैतिक प्रश्न म्हटले आहे, कारण ती आपली आहे हे कबूल करायला कष्ट पडतात आणि ते टाळण्यासाठी माणूस तिला दुसऱ्याच्या अंगावर पाहतो. मनाचे हे वागणे ओळखायला युरोपातच जावे लागते असे नाही. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी मनाला जहरी म्हटले आहे, आणि विंचूसाप परवडला, त्याला निदान उतरवणारा मंत्र असतो, असेही लगेच सांगून टाकले आहे.

भूत हे वाईटपणाचे रूपक आहे असे मानले की ते मारून टाकणे हाच कथेचा शेवट उरतो. भूत ही नाकारलेल्या गोष्टीची मागणी आहे असे मानले, तर त्या मागणीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. आजची चांगली भयकथा या दुसऱ्या वाटेने जाते, आणि पुढच्या पत्राचे उत्तर त्याच वाटेवरचे आहे.

प्रश्न : मी भयकथा लिहितो. माझ्या कथेत पुण्यात नोकरी करणारा तरुण गावचे जुने धाब्याचे घर विकण्यासाठी येतो. रात्री त्याला माळवदावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते. ती जखीण निघते. शेवटी भगत उतारा करतो आणि घर मोकळे होते. दोन संपादकांनी ‘भीती वाटत नाही’ म्हणून कथा परत पाठवली. रक्त आणि किंकाळ्या वाढवाव्यात काय?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : रक्त वाढवू नका. कथेची अडचण अशी आहे की या तरुणाचे आणि त्या बाईचे एकमेकांशी काहीच देणेघेणे नाही. ती त्याच्याऐवजी वीजबिल वाटायला आलेल्या माणसाला दिसली असती तरी कथा तशीच चालली असती, आणि म्हणूनच चार ओळींच्या उताऱ्याने ती निघूनही जाते.

या तरुणाला आधी नीट विचारा की बाबा रे, तू कशासाठी आलास. घर विकायचे म्हणजे सह्या आल्या. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, म्हणजे त्याच्या बहिणीचे हक्कसोडपत्र लागणार. आता कथा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत आणून ठेवा. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि त्याच सणाला पितरांच्या नावाने घागरही भरली जाते. माहेर आणि मेलेली माणसे एकाच दिवशी घरात येण्याचा हा योग तुमच्या हाताशी असताना तुम्ही कथा कोणत्याशा अमावास्येला घडवली आहे. तरुणाच्या बॅगेत हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. तो वाईट माणूस नाही; त्याने भाच्यांच्या शाळेची फी भरलेली आहे, ताईच्या आजारपणात रजा काढून धावलेला आहे, आणि ‘ताईला काय कमी आहे, ती आपणहून सोडणार’ हे वाक्य त्याने प्रवासात स्वतःशी अनेकदा म्हटलेले आहे. हा त्याचा मुखवटा झाला. तो टिकवण्यासाठी त्याला जे विसरावे लागते, तिथे त्याची छाया आहे.

माळवदावरच्या बाईला आता नाते द्या. ती त्याच्या वडिलांची आत्या असू शकेल : लहान वयात विधवा होऊन परत आलेली, याच घरात जात्यावर आणि चुलीपुढे आयुष्य काढलेली, आणि कधीतरी एका कागदावर जिचा अंगठा घेतला गेला ती. आखाजीची घागर आजोबा-पणजोबांसाठी भरली जाते. हिची आठवण ना सासरच्यांनी ठेवली, ना माहेरच्यांनी.

आणि आता निम्मी कथा होईपर्यंत तिला दाखवू नका. सकाळी तरुण उठतो तेव्हा त्याच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई लागलेली असते. घरात स्टॅम्पपॅड नाही. ताई पदवीधर आहे, ती सही करते. तो साबणाने हात धुतो, मग रॉकेलने पुसतो, तर शाई निघण्याऐवजी अंगठ्याच्या रेषारेषांत उतरते आणि ठसा स्पष्ट होत जातो. दुपारी पंगतीत ताई वाटीत आमरस वाढायला वाकते आणि हा डावा हात मांडीखाली दडवतो. ताई विचारते, “भाऊ, हाताला काय झालं?” तो म्हणतो, “काही नाही.” तुमच्या कथेतील सर्वांत भयंकर जागा ही आहे, आणि तिथे भूत दिसतही नाही. भगत हवाच असेल तर त्याला उतारा करू देऊ नका. त्याने अंगठा हातात धरून, निरखून, एवढेच विचारावे : “हाऊ आंगठा कोना शे?” (पात्रे घरात अहिराणी बोलत असतील तर संवाद अहिराणीतच ठेवा. भीतीच्या क्षणी माणूस पुस्तकी मराठी बोलत नाही.)

शेवटी त्याने कागद फाडला तरी चालेल आणि सही करून घेतली तरी चालेल. दुसरा शेवट मला अधिक खरा वाटतो. छाया मारून संपत नाही, तिला हिशेबात धरावे लागते, हे युंग यांचे म्हणणे कथेत आणायचे तर त्या अंगठ्याचे काहीतरी कायमचे राहिले पाहिजे. एक सावधगिरी मात्र बाळगा. या तरुणाला खलनायक करू नका. त्याच्या जागी आपणही हाच कागद घेऊन आलो असतो, असे वाचकाला वाटले नाही, तर ही बोधकथा होईल आणि संपादक ती पुन्हा परत पाठवतील.

प्रश्न : भयकथांत हडळ, जखीण, डाकीण अशी बाईच का असते? युंग यांच्या परंपरेत ‘भयंकर माता’ नावाचा आदिबंध सांगतात, असे वाचले. आमच्या भागात आजही बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या येतात. असा सिद्धान्त त्या समजुतीला आधारच देत नाही का?
— एक शिक्षिका, शहादा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘भयंकर माते’ची मांडणी विस्ताराने केली ती युंग यांचे शिष्य एरिक नॉयमान यांनी, ‘द ग्रेट मदर’ या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. जी पोसते तीच गिळूनही टाकू शकते, हे बाळाच्या पूर्ण परावलंबनातून आलेले भय मातृप्रतिमेच्या काळ्या बाजूत साठते, असा त्याचा सारांश. मात्र ती प्रतिमा पाहणाऱ्याच्या मनात आहे. समोरच्या बाईत ती नाही. हे वाक्य गाळून आदिबंध सांगणारे अनेक भेटतात, आणि तिथेच घोटाळा होतो. पुढे चित्रपटांच्या अभ्यासक बार्बरा क्रीड यांनी १९९३ साली ‘द मॉन्स्ट्रस फेमिनिन’ या पुस्तकात, युंग यांची नव्हे तर मनोविश्लेषणाची वेगळी वाट धरून, भयपटांतील राक्षसी बाई ही स्त्रियांविषयी काही सांगत नसून पुरुषांच्या भयाविषयी सांगते, असे दाखवले. मला हे नॉयमान यांच्या मांडणीपेक्षा अधिक उपयोगी वाटते.

डाकिणीच्या बाबतीत तर छायेचे प्रक्षेपण, म्हणजे आपली छाया दुसऱ्याच्या अंगावर पाहणे, उघड्यावर घडताना दिसते. पाड्यावर एखादे मूल तापाने जाते, बैल मरतो, पाऊस दगा देतो. दवाखाना दूर असतो, मुलाला वेळेवर नेले नाही ही टोचणी असते, आणि त्या दुःखाला व रागाला जायला जागा नसते. मग कोणीतरी एका बाईचे नाव घेतो. ती बहुधा एकटी असते, विधवा असते, कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो ज्यावर भाऊबंदांचा डोळा असतो. स्वतःची हयगय, स्वतःची हाव आणि स्वतःची भीती असे जे जे कबूल करता येत नाही ते सगळे तिच्या अंगावर टाकले जाते, आणि तिला मारणारा माणूस स्वतःला निर्मळ समजतो. ही गोष्ट फक्त सातपुड्यातली आहे असे मानून शहरी वाचकाने सुटकेचा श्वास टाकू नये. एकट्या राहणाऱ्या बाईविषयी सोसायटीच्या जिन्यात जे बोलले जाते त्याची घडण याहून फारशी वेगळी नसते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या व्यक्तीला चेटूक किंवा करणी करणारी ठरवून तिचा छळ करणे या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. आपल्या विद्यार्थ्यांना भयकथा शिकवताना हे कलम सांगायला हरकत नाही.

लेखकांसाठी माझे मत स्पष्ट आहे. जिथे बायकांना डाकीण म्हणून खरोखर मारले जाते, त्या मुलखातली कथा लिहून शेवटी ती बाई खरोखरच डाकीण निघाली असे दाखवणे बेजबाबदारपणाचे आहे, आणि कथा म्हणूनही ते हलके काम आहे. नाव घेणाऱ्याच्या तोंडून कथा सांगा. त्याला रात्री काय दिसते ते लिहा.

प्रश्न : मी रेल्वेत रात्रपाळी करतो. रिकाम्या डब्याच्या काचेत अचानक स्वतःचा चेहरा दिसला की इतक्या वर्षांनंतरही क्षणभर दचकायला होते. कथांमध्येही ‘दुसरा मी’ सर्वांत जास्त घाबरवतो. असे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपला अनुभव फ्रॉइड यांनाही रेल्वेतच आला होता. १९१९ साली भयाच्या एका खास प्रकारावर, म्हणजे ओळखीची गोष्ट एकाएकी परकी वाटू लागण्यावर, त्यांनी निबंध लिहिला. त्याच्या तळटीपेत ते सांगतात की शयनयानात एकटे बसलेले असताना गाडीला हिसका बसून शेजारच्या स्वच्छतागृहाचे दार उघडले आणि झगा घातलेला एक वयस्क गृहस्थ आत आला. तो चुकून आपल्या खणात शिरला असे समजून ते त्याला सांगायला उठले, तेव्हा दाराच्या आरशात दिसणारे ते स्वतःच होते. त्या माणसाचे रूप आपल्याला मुळीच आवडले नव्हते, असे ते प्रामाणिकपणे नोंदवतात. त्याच निबंधात एका इटालियन गावात वाट चुकून पुन्हा पुन्हा त्याच गल्लीत येऊन पोहोचल्याची हकिकत आहे. आपल्याकडे त्याला चकवा लागला असे कोणीही सांगितले असते.

दचकण्यात डोळ्यांचाही भाग आहे. जोव्हानी कापुतो या इटालियन संशोधकाने २०१०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नास माणसांना अंधूक खोलीत, पाठीमागे २५ वॅटचा दिवा ठेवून, दहा मिनिटे आरशात पाहायला सांगितले. ६६ टक्के लोकांना आपला चेहरा भलताच बिघडलेला दिसला, आणि काहींना अनोळखी माणसे, तर काहींना विचित्र प्राणी दिसले. कमी उजेडात एकाच जागी टक लावली की दृष्टी थकते आणि हरवलेले तपशील मेंदू स्वतः भरतो, असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण देता येते. पण मेंदू तिथे नेमके कोणाचे तोंड काढतो, हा प्रश्न मग कथाकाराकडे येतो.

फ्रॉइड यांचे सहकारी ऑटो रांक यांनी १९१४मध्ये प्रतिरूपावर, म्हणजे ‘दुसऱ्या मी’वर, लिहिले होते, आणि त्यांचे म्हणणे असे की, जुन्या समजुतींत माणसाचे प्रतिरूप हे मरणावरचा विमा होते, पण पुढे तेच मरणाचा निरोप्या झाले. स्टीव्हन्सन यांच्या १८८६च्या कथेत डॉक्टर जेकिल औषध पिऊन हाइड हे आपलेच दुष्ट रूप घेतो; तिच्यातला एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. हाइड हा जेकिलपेक्षा अंगाने लहान आणि वयाने तरुण दिसतो. डॉक्टरांचे कपडे त्याला ढगळ होतात. जेकिल स्वतःच कारण देतो की आपली ती बाजू आजवर फारशी वापरलीच गेली नव्हती. पुढे हाइड वाढू लागतो. युंग यांनी छायेविषयी लिहिण्याच्या कितीतरी आधी एका कादंबरीकाराने ती कपड्यांच्या मापाने मोजून दाखवली होती, आणि मला हे मापच सिद्धान्तापेक्षा जास्त भिववते.

प्रश्न : आमच्या पिढीने नारायण धारपांच्या कथा रात्र रात्र जागून वाचल्या. त्यांत ‘छाया’ वगैरे नव्हते, तरी भीती वाटायची. मग या सगळ्याची गरज काय?
— एक निवृत्त शिक्षक, चोपडा

उत्तर : भीती वाटायची हे अगदी खरे. धारपांच्या (१९२५–२००८) अनेक कथांत अनिष्ट शक्ती बाहेरून येते, आणि तिच्यापुढे साधनेचे बळ असलेला ‘समर्थ’ उभा राहतो. हा ज्ञानवृद्धाचा आदिबंध आहे, आणि तो असल्यामुळे वाचकाला शेवटी झोप लागण्याची सोय असे. आजचा लेखक ती सोय काढून घेतो. सोडवायला येणारा माणूसच संशयास्पद असतो किंवा येतच नाही. यात नवे ते सरस असा भाग नाही. बाहेरचे संकट रंगवायला वातावरणनिर्मितीची जी ताकद लागते, ती धारपांपाशी होती आणि आजच्या पुष्कळ ‘मानसशास्त्रीय’ म्हणवणाऱ्या कथांत ती औषधालाही सापडत नाही. पात्राच्या मनातली छाया दाखवण्याआधी त्याच्या घरातला अंधार नीट दाखवता आला पाहिजे.

प्रश्न : हे वाचून सासूबाईंची छाया ओळखता येईल का? त्यांना हल्ली रात्री कोणीतरी हाका मारते, असे त्या सांगतात. सुरुवातीला कोणते पुस्तक वाचावे?
— एक वाचक, धुळे

उत्तर : दुसऱ्याची छाया आपल्याला नेहमीच स्वच्छ दिसते, म्हणून त्या दिसण्यावर फार विसंबू नये. युंग यांच्या कल्पना प्रयोगशाळेत पडताळलेल्या नाहीत. कथा वाचायला त्या चांगला उजेड देतात, घरच्या माणसांचे निदान करायला त्या नाहीत. स्वतःसाठी वाचायचे असेल तर सामान्य वाचकांसाठी तयार केलेले, युंग यांच्या मृत्यूनंतर १९६४ साली प्रसिद्ध झालेले ‘मॅन अँड हिज सिंबल्स’ घ्या. त्यातला त्यांचा स्वतःचा भाग त्यांनी १९६१मध्ये मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी पुरा केला होता. सासूबाईंच्या हाकांचे मात्र वेगळे आहे. उतारवयात असे आवाज ऐकू येण्यामागे कमी झालेले ऐकू येणे, झोपेचा बिघाड, एखाद्या औषधाचा परिणाम किंवा उपचार होऊ शकणारा आजार असू शकतो. त्यांना भगताकडे नेऊ नका आणि आमच्या सदरावरही थांबू नका. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि तोपर्यंत सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तिथे मराठीतही बोलता येते.